परसदारची चूल

गेल्या मे-जूनमध्ये मी आईला घेऊन दादाकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आले. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" गोल्डन गेटचा पूल पाहिला, समुद्र पाहिला, असे मी सांगते आणि वेळ मारून नेते. खरे म्हणजे त्या सात आठवड्यांत मी सर्वांत जास्त वेळ जे पाहत बसले, तो होता दादाच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला एक नकाशा आणि त्याला टाचलेली नियमांची पाने. मराठी शिकवणाऱ्या बाईने घरबांधणीचे नियम वाचत बसावे हे जरा विपरीतच. पण आपल्या आईने कुठे निजायचे, कुठे आंघोळ करायची आणि कुठे चहा टाकायचा हे ज्या कागदावर लिहिले आहे, तो कागद हातातून सोडवणार कसा?

प्रकार असा. दादा सॅन होझेच्या जवळच्या एका गावात एकवीस वर्षे राहतो आहे. घर बैठे, तीन निजायच्या खोल्यांचे. मागे परस, परसात लिंबाचे एक झाड. वडील जाऊन तीन वर्षे झाली. मी नाशिकच्या कॉलेजात, आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळले, तेही शेजारच्या काकूंकडून. आईने सांगितले नव्हते. दादाने त्याच आठवड्यात तिच्या ग्रीन कार्डाची चौकशी सुरू केली आणि एका आरेखकाला बोलावून परसाची मापे घेववली. परसात आईसाठी लहानसे घर बांधायचे, असा त्याचा बेत.

अशा घराला तिकडच्या कायद्यात नाव आहे 'ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट'. याचे सरकारी मराठी कुणी केले असते तर 'पूरक निवासघटक' असे काहीतरी झाले असते, आणि त्यात राहायला कुत्रेही गेले नसते. बोलण्यात लोक त्याला 'ग्रॅनी फ्लॅट' म्हणतात, म्हणजे आजीबाईंचे घर. सॅन फ्रान्सिस्कोकडे 'इन-लॉ युनिट' म्हणतात, म्हणजे सासू-सासऱ्यांची जागा. मला हे नाव फार आवडले. आपल्याकडे घर सासूचे असते आणि सून त्यात जागा शोधते. तिकडे घर सुनेचे आणि जागा सासूसाठी शोधायची! आम्ही आपसात त्याला 'जोडघर' म्हणू लागलो. जोडगल्ली, जोडरस्ता, तसे जोडघर.

एका संध्याकाळी दादा कचेरीतून आला नव्हता. आई नकाशावर चष्मा रोखून म्हणाली, "मला वाच बघू मराठीत, काय काय लिहिलंय ते." मी वाचू लागले. व्याख्या अशी होती की, एका किंवा अधिक माणसांना पूर्णपणे स्वतंत्र राहता येईल अशी सोय, आणि तीत राहणे, निजणे, जेवणे, स्वयंपाक करणे आणि स्वच्छता या पाच गोष्टींची कायमची तरतूद असली पाहिजे. तीही मूळ घर ज्या जमिनीवर आहे त्याच जमिनीवर. काय सुरेख व्याख्या! वर्गात आम्ही शब्दशक्ती शिकवतो, पण 'घर' म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात सांगणारी ओळ माझ्या वाचनात आली नव्हती. त्या आनंदाच्या भरात मी भाषांतर जरा रंगवले. म्हणाले, "म्हणजे गं, थोडक्यात काय, चूल वेगळी पाहिजे. नुसती खोली असली तर ती खोलीच. चूल वेगळी मांडली की कायद्यानं ते वेगळं घर."

आईने चष्मा काढला. घडी केली. "बरं," म्हणाली, आणि उठून आत गेली.

रात्री ती जेवायला आली, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दादाने मला बाजूला घेऊन विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही, बहुधा ऊन बाधलं." वीस वर्षे मुलांना सांगते आहे की वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांत गफलत करू नका. 'चूल वेगळी झाली' याचा अर्थ मराठीत ओटा, सिलिंडर आणि दोन भांडी असा होत नाही, हे मीच विसरले.

मात्र हा गोंधळ नुसता माझा नव्हता. कायदाच चुलीपाशी येऊन अडतो. अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत दिवाणखान्यात वा तळघरात नुसते सिंक आणि फ्रिज ठेवले तर कुणाची हरकत नसते, पण तिथे शेगडीसाठी दोनशे वीस व्होल्टचा प्लग बसवला किंवा गॅसची नळी आणली की तपासनीस विचारतो, "हे दुसरं घर तर नव्हे?" आपले सरकार तरी काय वेगळे करते? खानेसुमारीत 'कुटुंब' कशाला म्हणायचे याची जी व्याख्या आहे, तीत नात्याला फारसे महत्त्व नाही. साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे, ते एक कुटुंब. एका छपराखाली दोन चुली असल्या तर मोजणारा दोन कुटुंबे लिहून घेतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या खटल्यांत तर दोन्ही बाजूंचे साक्षीदार हेच सांगत आले, की अन्न वेगळे कधी झाले. न्यायालये मात्र शहाणी. नुसते अन्न वेगळे झाले म्हणजे वाटणी झालीच असे ती धरत नाहीत, पुरावा म्हणून एका बाजूला ठेवतात. हे मी आईला सांगून पाहिले. ती म्हणाली, "कोर्टाचं काय जातं!"

मग मी त्या पानांत आणखी शिरले. निमित्त आईची समजूत काढण्याचे, पण खरे सांगायचे तर माझेच कुतूहल. ज्या देशात जमिनीला तोटा नाही तिथे माणसाला आपल्याच परसात आपल्याच आईसाठी दोन खोल्या बांधायला परवानगी का लागावी?

याचे मूळ शंभर वर्षांमागे आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावाने १९१६ च्या सुमारास काही वस्त्या फक्त एका कुटुंबाच्या घरांसाठी राखून ठेवल्या. एक जमीन, एक घर, एक कुटुंब. पुढे ही टूम देशभर पसरली. ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहराला लागून युक्लिड नावाचे गाव आहे. तिथला असा निर्बंध १९२६ साली थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो उचलून धरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड यांनी, स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या मोठ्या इमारतीला जो शब्द वापरला, त्याचे मराठी 'बांडगूळ' असेच करावे लागेल. दुसऱ्याच्या मोकळ्या हवेवर आणि बागेवर जगणारे बांडगूळ! जन्म वाड्यात आणि उरलेले आयुष्य सोसायटीत काढलेल्या आम्हा मंडळींनी हे ऐकून घ्यायचे.

बरे, घर 'एका कुटुंबाचे' असे म्हटले की पुढचा प्रश्न आलाच: कुटुंब कशाला म्हणायचे? आणि इथे ती गोष्ट मला सापडली. त्याच क्लीव्हलंड शहराला लागून ईस्ट क्लीव्हलंड हे आणखी एक गाव. तिथे इनेझ मूर नावाच्या एक आजी राहत होत्या. घरात माणसे चार. आजी, त्यांचा एक मुलगा, त्या मुलाचा मुलगा, आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा जॉन. जॉनची आई तो तान्हा असताना वारली म्हणून आजीने त्याला आणले होते. गावाच्या नियमात कुटुंबाची मोठी लांबलचक व्याख्या होती, आणि तीत दोन सख्ख्या भावंडांसह आजी बसत होती, पण दोन चुलत भावांसह बसत नव्हती. म्हणजे जॉन हा त्या घरात बेकायदा! नगरपालिकेची नोटीस आली. आजीने नातवाला घराबाहेर काढायला नकार दिला. तिच्यावर फौजदारी खटला झाला. पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड.

हे मी त्या दिवशी भाजी निवडता निवडता आईला सांगितले. दोन दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसली.

"मग? गेली तुरुंगात?"

"नाही गं. ती वरच्या कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत. १९७७ साली तिच्या बाजूनं निकाल लागला. पण नऊ न्यायाधीशांतले पाच तिच्या बाजूचे आणि चार विरुद्ध."

"चार विरुद्ध?" आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "त्या चौघांना आज्या नव्हत्या होय!"

कॅलिफोर्नियात तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सँटा बार्बरा गावच्या एका खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. एका घरात राहणारी माणसे रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तकाच्या नात्याची आहेत की नाहीत, हे विचारण्याचा गावाला अधिकार नाही, असे ठरले. मला वाटते, कायद्याने तिथे नात्याची व्याख्या करण्याचा नाद सोडला. माणसे मोजायची ती कशावरून मग? राहिली चूल. तिला मावशी, सावत्र, चुलत असले काही नसते.

चूल वेगळी करायची मुभा मात्र लगेच मिळाली नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियाने एका जमिनीवर दुसऱ्या घराचा कायदा केला खरा, पण गावोगावच्या नगरपालिकांनी त्याला इतक्या अटी जोडल्या की परवानगी मागणाराच दमून जाई. सभा, सुनावणी, शेजाऱ्यांच्या हरकती. लोकांनी मग आपला मार्ग काढला आणि चोरून खोल्या बांधल्या. सॅन फ्रान्सिस्कोत त्या इतक्या झाल्या की शहराला २०१४ साली ठराव करून त्या रीतसर करून घेण्याची वाट मोकळी करावी लागली. घरांच्या किमती वाढत गेल्या, शाळेतल्या शिक्षकांना आणि इस्पितळातल्या परिचारिकांना गावात राहणे परवडेना, तेव्हा राज्य सरकारने २०१६ साली आणि पुन्हा २०१९ साली कायदे करून नगरपालिकांच्या हातातल्या दोऱ्या एकेक करून कापल्या.

हल्लीचे नियम दादाने मला उभ्या उभ्या समजावले, तसेच मीही सांगते. नियमांत बसणारा अर्ज पुरा भरून दिला की साठ दिवसांच्या आत नगरपालिकेने होय किंवा नाही म्हणायचे. सुनावणी नाही. शेजाऱ्याला घर आवडले नाही तर त्याने खिडकीला पडदा लावावा. आठशे चौरस फुटांपर्यंतचे आणि सोळा फूट उंचीपर्यंतचे स्वतंत्र घर, मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून चार फूट सोडले असले तर, गावाला नाकारता येत नाही. अर्ध्या मैलाच्या आत बसचा थांबा असला तर मोटार उभी करायला जागा दाखवा, असे म्हणता येत नाही. साडेसातशे चौरस फुटांपेक्षा लहान जागेवर रस्ते-बागांचा विकासकर बसवता येत नाही. एकूण, कायद्याचा सूर असा की नाही म्हणायला कारण शोधू नका. आपल्या नगरपालिकांत बांधकामाच्या परवानगीसाठी खेटे घातलेल्या कुणालाही हे परीकथेसारखे वाटेल. मला तरी वाटले. पण या परीकथेत खर्च धरलेला नाही. दादाने त्या आठशे चौरस फुटांचा आकडा सांगितला तेव्हा आईने तो मनातल्या मनात रुपयांत केला आणि पाणी मागितले.

आणखी एक कलम होते. जोडघर पूर्वी स्वतंत्रपणे विकता येत नसे. मुख्य घराबरोबरच जायचे. २०२३ च्या एका कायद्याने हे बदलले. गावाने ठराव केला तर मालकाला जोडघर वेगळे करून, फ्लॅट विकावा तसे विकता येते. सॅन होझेने २०२४ साली तसे करायला परवानगी दिली. दादाच्या गावाचा असा ठराव नाही. पण आईच्या कानावर ते गेलेच.

"म्हणजे उद्या माझी जागा कुणा परक्याला विकता येईल?"

"आई, विकणार कोण? मी?" दादा जरा चिडूनच म्हणाला.

"तू नाही रे. पण आपण कायमचे का असतो?"

वहिनी तोवर गप्प होत्या. त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात. सकाळी सहाला घर सोडतात आणि बोलतात कमी. त्या दिवशी म्हणाल्या, "आई, मी एक विचारू? ती जागा नेमकी कुणासाठी आहे, असं कायद्यात कुठं लिहिलंय का?"

दादाने सांगितले, नाही. नाते दाखवावे लागत नाही. मालकानेही तिथे राहिलेच पाहिजे असे आता नाही. भाडेकरू ठेवला तरी चालतो.

"मग माझी आई आली तरी चालेल," वहिनी म्हणाल्या.

वहिनींची आई नागपूरला एकटीच असते. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या आईपेक्षा तीन वर्षांनी मोठी. एवढे नकाशे काढले, मापे घेतली, माझ्यासारखीने कलमे वाचली, पण त्या बाईंचे नाव त्या टेबलावर कुणी काढले नव्हते. मीही नाही. 'इन-लॉ युनिट' या शब्दाचे मला एवढे कौतुक. पण इंग्रजीत तो शब्द दोन्हीकडच्या आयांना लागतो, एवढे साधे माझ्या ध्यानात आले नव्हते. दादा नकाशाकडे बघत राहिला. वहिनी उठून भांडी धुवायच्या यंत्रात ताटे लावू लागल्या.

त्या रात्री आईला झोप नव्हती. मलाही नव्हती. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. जिथे जोडघर व्हायचे तिथे आरेखकाने चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. चांदण्यात ती दोरी दिसत होती. आई एकदम म्हणाली, "साताऱ्याला वेगळी चूल मी मागितली होती."

मला आधी उमगेना. साताऱ्याचे आमचे जुने घर वाटले गेले तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. काका आणि आमचे वडील. माजघराच्या मधोमध विटांची भिंत आली, ती बांधताना गवंड्याने मला थापी हातात धरू दिली होती, एवढे मला स्पष्ट आठवते. आम्हां मुलांना ती मौज होती. इकडे भाजी आवडली नाही तर भिंतीपलीकडे जाऊन जेवावे. वाटणी काकांच्या हट्टामुळे झाली, असे मी आजवर धरून चालले होते.

"तुझे बाबा नको म्हणत होते," आई सांगत होती. "मीच धरून बसले. जाऊबाई दुधाचं भांडं फडताळात ठेवून कुलूप लावायच्या. तुला ताप होता, मी दूध मागितलं, तर किल्ली सापडेपर्यंत अर्धा तास. त्या दिवशी मी म्हटलं, झालं, आता माझी चूल वेगळी. बरोबरच होतं ते. आजही मला चूक वाटत नाही. पण सासूबाई..."

आजीचे पंधरा-पंधरा दिवस ठरले होते. पंधरवडा काकांकडे, पंधरवडा आमच्याकडे. पाळी बदलायच्या दिवशी ती आपला पाट काखेत धरून आणि हातात तांब्या-भांडे घेऊन भिंतीच्या कडेने, अंगणातून वळसा घालून येई. आतून दार ठेवलेच नव्हते. ते मलाही आठवले. पावसाळ्यात डोक्यावर इरले घेई. पाट मात्र कुणाला उचलू देत नसे.

"ठेवलं असतं दार तर काय बिघडलं असतं?" आई म्हणाली. "भिंत मागितली ती मी. दाराचं मला सुचलं नाही. आणि तिनंही कधी म्हटलं नाही."

मी काय बोलणार? सात वर्षांची असताना ज्या दुधासाठी भिंत उठली, ते प्यालेली मीच.

सकाळी आईने दादाला हाक मारली. तो दात घासत होता, तसाच बाहेर आला.

"अरे, ते परसातलं नको. आतून दार असलेलं काही बसतं का तुझ्या कायद्यात?"

बसते! त्याच पानांत पुढे एक धाकटे जोडघर आहे. कायद्यानेच त्याला 'ज्युनियर' म्हटले आहे. ते मूळ घराच्या भिंतींच्या आतच असले पाहिजे, लागून असलेले गॅरेज त्यात धरतात, आणि पाचशे चौरस फुटांपेक्षा मोठे असता कामा नये. बाहेरून स्वतंत्र दार हवेच. न्हाणीघर मात्र सामाईक असले तरी चालते, आणि ते सामाईक असेल तर मुख्य घरात जायला आतून वाट असलीच पाहिजे, असे कलम आहे. हे कलम ज्या कुणी लिहिले त्याच्या घरी माजघरात भिंत नसावी. दादाने ठरवले की आईच्या पडण्यामुळे न्हाणीघर स्वतंत्रच करायचे, बसून आंघोळ करता येईल असे. पण आतले दारही ठेवायचे. मागची निजायची खोली आणि गॅरेजचा तिला लागून असलेला भाग, मिळून चारशे साठ चौरस फूट. खर्चही निम्म्याहून कमी. परस आणि लिंबाचे झाड शाबूत.

"आणि चूल?" मी भीत भीत विचारले.

"चूल हवी," आई म्हणाली. "मला पहाटे साडेचारला चहा लागतो. ही बिचारी दहा तास उभी राहून येते, तिच्या डोक्याशी मी खुडबुड कशाला करू? दार लोटलं की झालं. आणि दुसऱ्या बाई येतील तेव्हा आम्ही दोघी मिळून करू काय ते. त्यांना वैदर्भी तिखट लागतं, मला सोसत नाही, पण बघू."

वहिनी डबा भरत होत्या. त्यांनी डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. "आई, माझ्या आईला गोड आमटी चालते," एवढेच म्हणाल्या आणि कामावर गेल्या.

हे सगळे इतके गोड झाले असे मात्र समजू नका. दादा दोन दिवस धुमसत होता. त्याने परसातल्या घराचे स्वप्न वर्षभर मनात बांधले होते, आरेखकाला पैसे मोजले होते, आणि आईने ते एका सकाळी दात घासता घासता मोडले. शिवाय चारशे साठ चौरस फुटांत दोन म्हाताऱ्या बायका कशा मावणार, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर कुणापाशीच नाही. जाऊबाईंशी जिचे एका फडताळावरून बिनसले, तिचे विहिणीशी पाचशे फुटांत किती दिवस पटेल, हे मीही सांगू शकत नाही. आम्ही निघालो तेव्हा विमानतळावर दादा मला म्हणाला, "तू ते चुलीचं भाषांतर केलं नसतंस, तर एव्हाना पाया खोदून झाला असता."

धाकट्या जोडघरातल्या स्वयंपाकाच्या जागेबद्दल कायद्याचे म्हणणे माफक आहे. पूर्ण स्वयंपाकघर नको; रांधण्याची साधने हवीत, पदार्थ तयार करायला ओटा हवा आणि सामान ठेवायला कपाटे हवीत, आणि ही दोन्ही त्या जागेच्या मानाने वाजवी आकाराची असावीत. 'वाजवी' म्हणजे किती ते सांगितलेले नाही. तिकडे ओटे सर्रास छत्तीस इंच उंच असतात. माझी आई चार फूट दहा इंच. सात आठवडे वहिनींच्या ओट्यापाशी ती पोळ्या लाटायला एका लाकडी खोक्यावर उभी राहत होती.

जायचे की नाही हे ती अजून स्पष्ट बोललेली नाही. ग्रीन कार्डाचे कागद व्हायचे आहेत, पुण्याच्या फ्लॅटचे काय करायचे ते ठरायचे आहे. मागच्या रविवारी मी पुण्याला गेले तेव्हा ती शिवणाच्या टेपने आपल्या स्वयंपाकघरातला ओटा मोजत होती. मला म्हणाली, "लिही दादाला. एकोणतीस इंच. आणि म्हणावं, दाराला बाहेरून कडी नको."